बीड जिल्ह्यातील गोड्या पाण्यातील मासे, कीटकनाशके आणि जैविक निर्देशक : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

कीटकनाशकाच्या संपर्काची खूण माशाच्या शरीरात मृत्यूच्या कितीतरी आधी उमटते, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानात स्थिरावला. या खुणांना जैविक निर्देशक असे म्हणतात. बीड जिल्ह्यातील सिंचन, कापसाची शेती व कीटकनाशकांचा वापर यांचा इतिहास आणि माशांवरील विषशास्त्रीय अभ्यासाचा इतिहास हे दोन प्रवाह एकाच काळात वाहत आले. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रवाहांचा एकत्रित आढावा घेतला असून, प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पद्धत नदीच्या काठावर पुरावा म्हणून उभी राहण्यासाठी आधाररेषेची नितांत गरज आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : बीड, सिंदफणा, माजलगाव जलाशय, कापूस, कीटकनाशके, ॲसिटिलकोलिनेस्टरेज, जैविक निर्देशक, आधाररेषा.

प्रस्तावना

बीड जिल्ह्याची ओळख सामान्यतः दुष्काळ, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर आणि कोरडवाहू शेती या तीन गोष्टींनी करून दिली जाते. या ओळखीत पाण्यातील जीवसृष्टीला फारशी जागा मिळत नाही. वास्तविक जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखलेली आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेत मांजरा, सिंदफणा व बिंदुसरा या नद्या उगम पावतात. सिंदफणा पुढे मंजरथ येथे गोदावरीस मिळते. या नद्यांवर व त्यांवरील जलाशयांवर भोई समाजाची अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या अवलंबून आहेत, आणि याच जलाशयांचे पाणी नळाद्वारे शहरांत पोहोचते. बीड शहरास माजलगाव व बिंदुसरा जलाशयातून, तर अंबाजोगाई, केज, धारूर तसेच शेजारच्या लातूर शहरास मांजरा धरणातून पाणीपुरवठा होतो. म्हणजे ज्या पाण्यात मासा राहतो तेच पाणी शुद्धीकरणानंतर माणूस पितो. माशाच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांपुरता उरत नाही.

पाण्यात कीटकनाशक मिसळले आहे की नाही, हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. पाण्याचे रासायनिक पृथक्करण करणे हा पहिला. परंतु ओढ्यातून आलेले कीटकनाशक काही तासांत वाहून जाते किंवा काही दिवसांत विघटित होते, आणि नमुना घ्यावयास माणूस पोहोचेपर्यंत पाणी निर्दोष दिसू लागते. त्या पाण्यात वावरणाऱ्या जीवाच्या शरीराची साक्ष काढणे हा दुसरा मार्ग होय. जैविक निर्देशकांचा अभ्यास हा या दुसऱ्या मार्गाचा इतिहास आहे.

उद्दिष्टे

१. बीड जिल्ह्यातील सिंचन, कापूस लागवड व कीटकनाशकांचा वापर यांचे ऐतिहासिक टप्पे मांडणे.
२. माशांवरील विषशास्त्रीय अभ्यास मृत्यूच्या मोजणीकडून जैविक निर्देशकांकडे कसा वळला, याचा मागोवा घेणे.
३. या निर्देशकांचा जिल्ह्यातील पाण्याच्या संदर्भात उपयोग करण्यासाठी कोणत्या गोष्टी आवश्यक आहेत, याचा विचार करणे.

सिंचन, जलाशय आणि मासे

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. या राजकीय स्थित्यंतरानंतर सिंचनाच्या मोठ्या योजनांना वेग आला. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा बीड जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण उभे राहिले. त्याचा उपयुक्त साठा ३१२ दशलक्ष घनमीटर आहे.

धरणांमुळे जिल्ह्यातील मत्स्यजीवनाचे स्वरूपच बदलले. पूर्वी पावसाळ्याच्या पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध वर जाणारे ‘चढणीचे मासे’ हा ओढ्याकाठच्या गावांचा परिचित अनुभव होता. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे प्रमुख कार्प माशांच्या प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला. त्यानंतर रोहू, कटला व मृगल यांचे मत्स्यबीज मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागले आणि जलाशयांत बोटुकली सोडून सहकारी संस्थांमार्फत मासेमारी करण्याची व्यवस्था रूढ झाली. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासाही कालांतराने सर्वत्र पसरला. मरळ, वाम, शिंगटी, मांगूर यांसारखे स्थानिक मासे मात्र आपल्या जुन्या ऋतुचक्राप्रमाणे ओढ्यांत, डोहांत व बंधाऱ्यांत वाढत राहिले. या ऋतुचक्राचा पुढील विवेचनाशी निकटचा संबंध आहे.

कीटकनाशकांच्या वापराचे चार टप्पे

पहिला टप्पा आरोग्यखात्याचा होता. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला व त्याबद्दल त्यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली. १९५२ मध्ये कोलकात्याजवळील रिश्रा येथे बीएचसीचे उत्पादन सुरू झाले होते. शेतावर धुरळावयाची ही पावडर स्वस्त व वापरण्यास सोपी होती. ग्रामीण समाजाचा रासायनिक कीटकनाशकांशी पहिला परिचय असा आरोग्य आणि धान्यरक्षण या दोन दारांतून झाला.

दुसरा टप्पा संकरित कापसाचा. मराठवाड्यात पूर्वापार गावरानी कापूस घेतला जाई. ही देशी जात उत्पन्नाला कमी असली, तरी येथील किडींशी व अवर्षणाशी जुळवून घेतलेली होती. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस विकसित केला. १९७२ मध्ये परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे नांदेड येथे विकसित झालेला एनएचएच-४४ हा संकरित वाण १९८० च्या दशकात कोरडवाहू मराठवाड्यात लोकप्रिय ठरला. संकरित वाणांमुळे उत्पन्न वाढले, परंतु मावा, तुडतुडे व बोंडअळ्या यांचा उपद्रवही वाढला. पाठीवरचा फवारणी पंप शेतकऱ्याच्या घरात नांगर-तिफणीइतकाच आवश्यक होऊन बसला. एंड्रिनसारखी तीव्र ऑर्गॅनोक्लोरिन औषधे याच काळात सर्रास वापरली गेली. एंड्रिन हे नाव तर ग्रामीण बोलीत विषाचाच पर्याय झाले.

तिसरा टप्पा प्रतिकारशक्तीचा. १९८० च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे बाजारात आली. आरंभी त्यांचा परिणाम आश्चर्यकारक वाटला, पण १९८७-८८ मध्ये आंध्र प्रदेशात हिरव्या बोंडअळीचा जो उद्रेक झाला, त्यात या औषधांची निष्प्रभता उघड झाली. मग मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस, एंडोसल्फान यांच्या एकामागून एक फवारण्या होऊ लागल्या. देशातील पिकांखालील क्षेत्रापैकी सुमारे ५ टक्के क्षेत्र कापसाचे असूनही शेतीतील कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी त्या एका पिकावर वापरली जात, असे या काळाबद्दल वारंवार नोंदविले गेले आहे.

चौथा टप्पा बीटी कापसाचा. मार्च २००२ मध्ये बीटी कापसास मान्यता मिळाली. पहिल्या काही वर्षांत बोंडअळीवरील फवारण्या घटल्या. परंतु रसशोषक किडींसाठी निओनिकोटिनॉइड व अन्य औषधांचा वापर वाढत गेला, आणि पुढे गुलाबी बोंडअळी बीटी वाणालाही दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा तीव्र प्रादुर्भाव झाला. के. आर. क्रांती व ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन आढाव्यानुसार, बीटीपूर्व काळापेक्षा कापूस उत्पादक कीटकनाशकांवर अधिक खर्च करू लागले होते.

या चारही टप्प्यांत कायदाही मागोमाग येत राहिला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर कीटकनाशक अधिनियम १९६८ संमत झाला. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये, एंड्रिन १९९० मध्ये, बीएचसी १९९७ मध्ये व एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये थांबले. २०१८ च्या आदेशाने मिथाइल पॅराथिऑनसह बारा औषधांवर तत्काळ, तर फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आदी सहा औषधांवर २०२० अखेरपासून बंदी आली. या यादीतील बहुतेक औषधे बंदीपूर्वी दीर्घकाळ वापरात होती. आपल्याकडील बंदीचा निर्णय माणसांच्या आरोग्यावरील परिणाम किंवा आंतरराष्ट्रीय करार यांच्या आधारे झाला. नद्यांतील माशांच्या शरीरात साठत गेलेला पुरावा त्या निर्णयामागे क्वचितच उभा राहिला.

मृत्यूची मोजणी : एलसी-५० चा काळ

माशांच्या अभ्यासाचा प्रारंभ मृत्यूच्या मोजणीतून झाला. ठराविक वेळेत, बहुधा ९६ तासांत, टाकीतील निम्मे मासे ज्या संहतीत मरतात तिला एलसी-५० असे म्हणतात. डी. जे. फिने यांच्या १९४७ मधील ‘प्रोबिट ॲनालिसिस’ या ग्रंथाने या गणिताला भक्कम पाया दिला. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाने जगाचे लक्ष वेधले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात लक्षावधी मासे मेले. त्याचा माग एंड्रिनपर्यंत जाऊन पोहोचला. मासा हा जलप्रदूषणाचा साक्षीदार आहे, ही जाणीव या घटनेने दृढ झाली.

भारतात या अभ्यासाची वाढ मोठ्या संस्थांइतकीच महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत झाली, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर येथील डी. ए. व्ही. महाविद्यालयात आर. सी. डालेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात माशांवरील कीटकनाशकांच्या परिणामांचे विपुल संशोधन केले. १९८० मध्ये सुरू झालेले ‘जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल बायोलॉजी’ हे नियतकालिक त्याच परंपरेतून आले. मराठवाड्यात २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे विद्यापीठाची स्थापना झाली. तेथील प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम यांच्या काळात झिंगे, खेकडे, शिंपले या जलचरांच्या शरीरक्रियाशास्त्राचा भक्कम अभ्यास झाला व पुढे विषशास्त्राकडे वळणारी संशोधकांची पिढी घडली. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. काचेची टाकी, हवा देणारा छोटा पंप, स्थानिक बाजारातील कीटकनाशक आणि ओढ्यातून आणलेले मासे एवढ्या सामग्रीवर एम.फिल. व पीएच.डी.चे संशोधन उभे राहू शकत होते. साधनांच्या टंचाईतही ग्रामीण महाविद्यालयांना शक्य झालेले हे विज्ञान होते, हे त्याचे मोठे श्रेय होय.

या प्रयोगांनी काही गोष्टी निःसंदिग्धपणे प्रस्थापित केल्या. एंडोसल्फान व पायरेथ्रॉइड औषधे प्रतिलिटर काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही माशांना प्राणघातक ठरतात. पायरेथ्रॉइड औषधे सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य म्हणून विकली जातात, परंतु माशांच्या शरीरात त्यांचे विघटन मंदगतीने होत असल्याने तेथे ती अत्यंत घातक ठरतात. मात्र या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. टाकीतील संहती स्थिर असते, नदीतील क्षणोक्षणी बदलते. शिवाय नदीतील मासा बहुधा मरत नाही. तो मंद होतो, खाणे सोडतो, अंडी घालत नाही, शत्रूला सहज सापडतो. अशा माशाची नोंद एलसी-५० च्या तक्त्यात होत नाही.

कायद्यानेही मृत्यूचाच निकष स्वीकारला. पर्यावरण संरक्षण नियमांत १९९३ मध्ये समाविष्ट झालेल्या सर्वसाधारण मानकांनुसार, कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. हा नियम नळाच्या तोंडाशी लागू पडतो. हजारो शेतांतून पावसासोबत ओढ्यात येणाऱ्या कीटकनाशकाला असे एक तोंड नसते. बीडसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील प्रश्न या नियमाच्या कक्षेबाहेर राहतो.

विकराची साक्ष

मृत्यूपूर्वीची खूण शोधण्याच्या प्रयत्नांत पहिले मोठे यश मज्जासंस्थेच्या अभ्यासातून आले. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी मज्जातंतूचा संदेश रासायनिक द्रव्याद्वारे पोहोचतो, हे दाखवून दिले. हे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. संदेश पोहोचताच त्याचे विघटन ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराने होते आणि स्नायू पुढील संदेशासाठी मोकळा होतो. १९३० च्या दशकात जर्मनीत गेर्हार्ड श्राडर यांनी ज्या ऑर्गॅनोफॉस्फेट संयुगांचा शोध लावला, ती नेमकी याच विकराला निकामी करतात. कार्बामेट औषधांचीही क्रिया याच ठिकाणी होते. ज्या गुणामुळे ही औषधे किडीला मारतात, तोच गुण त्यांचा माग ठेवतो.

१९५८ मध्ये चार्ल्स वाइस यांनी गोड्या पाण्यातील माशांच्या मेंदूतील कोलिनेस्टरेजचे मापन प्रसिद्ध केले आणि या विकरातील घट हा पाण्यातील ऑर्गॅनोफॉस्फेटचा पुरावा होऊ शकतो, या विचाराची पायाभरणी झाली. १९६१ मध्ये जॉर्ज एलमन व सहकाऱ्यांनी मापनाची जी रंगमापी पद्धत दिली, ती आजही सर्वत्र वापरली जाते. मेंदूच्या अर्कात योग्य द्रव्ये मिसळल्यावर पिवळा रंग उमटतो आणि ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याची तीव्रता वाढण्याचा वेग मोजला जातो. विकर जितके सक्रिय, तितका रंग लवकर गडद होतो. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या कोणत्याही पदव्युत्तर प्रयोगशाळेत हे मापन होऊ शकते.

या निर्देशकाचे महत्त्व काळाच्या हिशेबात आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट औषध पाण्यातून काही दिवसांत नाहीसे होऊ शकते, परंतु तीव्र संपर्कानंतर माशाच्या मेंदूतील विकर पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागतात. पाणी जे विसरते, ते माशाच्या मेंदूत काही काळ नोंदलेले राहते. कार्बामेटच्या बाबतीत मात्र विकर लवकर सावरते, म्हणून नमुना त्वरित घेऊन बर्फात ठेवावा लागतो. घटीचा अर्थ लावण्यासाठी १९७५ मध्ये पक्ष्यांवरील अभ्यासातून एक ढोबळ नियम पुढे आला. त्यानुसार २० टक्के घट संपर्क दर्शविते आणि मृत पक्ष्यात ५० टक्के घट आढळल्यास मृत्यूचे कारण तेच मानता येते. माशांना हा नियम तसाच लावता येत नाही. अनेक मासे ७० टक्के घट होऊनही काही काळ जगतात, आणि सहनशक्ती जातीगणिक बदलते.

अन्य निर्देशक

१९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने जैविक निर्देशकांचे संपर्काचे, परिणामाचे व संवेदनशीलतेचे असे तीन वर्ग मांडले. माशांच्या बाबतीत कोलिनेस्टरेज हा मुख्यतः संपर्काचा निर्देशक होय. परिणामाच्या निर्देशकांची यादी मोठी आहे. रक्तातील तांबड्या पेशी व हिमोग्लोबिन यांतील घट, रक्तशर्करेतील वाढ, यकृतातील ग्लायकोजेन व प्रथिनांचा ऱ्हास हे भारतीय महाविद्यालयांत सर्वाधिक अभ्यासले गेलेले बदल आहेत. कारण त्यांच्या पद्धती, उदाहरणार्थ १९५१ ची लाउरी यांची प्रथिनमापन पद्धत, अल्पखर्चिक होत्या. कल्ल्यांच्या सूक्ष्म पापुद्र्यांचे सुटणे, जाड होणे वा एकमेकांस चिकटणे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. कॅटलेज, सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज यांसारखी विकरे आणि स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण पेशींवरील ताण दाखवितात. १९८० च्या दशकापासून तांबड्या रक्तपेशींतील सूक्ष्मकेंद्रके मोजून, आणि १९८८ नंतर कॉमेट चाचणीने, डीएनएची हानी मोजता येऊ लागली. १९९४ मध्ये ब्रिटनमधील नर माशांत अंडजनक प्रथिन आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि संप्रेरकांच्या बिघाडाचाही निर्देशक हाती आला.

यातील प्रत्येक निर्देशक विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देतो. पायरेथ्रॉइड मज्जातंतूच्या सोडियम वाहिन्यांवर क्रिया करतात, त्यामुळे त्यांचा संपर्क कोलिनेस्टरेजवरून ओळखता येत नाही. निओनिकोटिनॉइड औषधांची क्रियाही वेगळ्या ठिकाणी आहे. म्हणजे १९९० मध्ये बीडच्या कापूस पट्ट्यासाठी जो निर्देशक पुरेसा ठरला असता, तो २००२ नंतरच्या बदललेल्या फवारणीसाठी एकटा पुरेसा ठरत नाही. शेतकऱ्याच्या हातातील बाटली बदलली की संशोधकाच्या हातातील चाचणीही बदलावी लागते.

बीडचा संदर्भ : ऋतू, दुष्काळ आणि आधाररेषा

जिल्ह्यातील कापसाची पेरणी जूनच्या पावसासोबत होते. रसशोषक किडींवरील पहिल्या फवारण्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि बोंडअळीवरील त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत होतात. मासेही याच काळात चढणीला लागतात, उथळ पाण्यात अंडी घालतात व पिल्ले वाढतात. शेतातील पहिले धुपून आलेले पाणी आणि माशाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक अवस्था अशा रीतीने एकाच ओढ्यात, एकाच महिन्यात एकत्र येतात. प्रौढ माशाचा एलसी-५० काढून या भेटीचा अंदाज करता येत नाही.

दुसरी अडचण दुष्काळाची आहे. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत जिल्ह्यातील जलाशय तळाला गेले. मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वेळी उरलेल्या डबक्यांत पाणी तापते, प्राणवायू घटतो, मासे दाटीने राहतात. या ताणामुळेही रक्तशर्करा वाढते, यकृतातील ग्लायकोजेन घटते आणि पेशींवरील ताणाची विकरे बदलतात. कोलिनेस्टरेजची सक्रियताही तापमान, माशाचे आकारमान व जात यांनुसार बदलते. बिंदुसरा बीड शहरातून वाहताना सांडपाणी घेऊन जाते. परळी परिसरात औष्णिक वीज केंद्र आहे. त्यामुळे एका ठिकाणी, एका दिवशी आढळलेली घट कीटकनाशकामुळेच झाली, असे म्हणण्यास पुरेसा आधार मिळत नाही.

मरळ कुळातील मासे, म्हणजे चॅना प्रजाती, या संदर्भात उद्बोधक आहेत. हवेतून श्वास घेण्याच्या क्षमतेमुळे ते अल्प प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतात, म्हणून वर्षभर सापडतात व भारतीय प्रयोगशाळांत त्यांचा वापर मोठा झाला. परंतु त्यांची हीच चिवटता फसवीही ठरते. जिथे मरळ जिवंत दिसते तिथे पाणी बरे आहे, हा समज तिच्या मेंदूतील विकराने खोटा ठरविला जाऊ शकतो.

या सर्व अडचणींवर उपाय एकच, आणि तो म्हणजे आधाररेषा. फवारणीपूर्वी, मे-जूनमध्ये, त्याच जातीच्या व त्याच आकाराच्या माशांत निर्देशकांची सर्वसाधारण पातळी किती असते, आणि कमी ओलिताच्या उगमाकडील भागात ती किती असते, याची वर्षानुवर्षांची नोंद असल्याखेरीज ऑगस्टमधील आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. आजवरचे बहुसंख्य महाविद्यालयीन संशोधन टाकीतील नियंत्रित गट व प्रायोगिक गट यांच्या तुलनेवर थांबले. ते पदवीसाठी पुरेसे होते. एखाद्या मच्छीमार संस्थेला आपले नुकसान सिद्ध करावयाचे असेल, तर ते अपुरे आहे.

माणसाच्या रक्ताशी असलेला दुवा

आधाररेषेची ही कल्पना कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात आधीच मान्य झालेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७४ मध्ये फवारणी कामगारांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी सक्तीची केली. कामापूर्वी प्रत्येकाची स्वतःची पातळी नोंदवायची आणि तांबड्या पेशींतील विकर त्या पातळीच्या ७० टक्क्यांवर आले की त्या कामगाराला फवारणीपासून दूर करायचे, असा तो नियम आहे. माणसामाणसांत मूळ पातळी भिन्न असल्याने प्रत्येकाची तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी केली जाते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासणीच्या सोयीचा प्रश्न त्या वेळी सार्वजनिक चर्चेत आला. जे विकर मराठवाड्यातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी माशाच्या मेंदूत अनेक वर्षे मोजत होते, तेच विकर रुग्णाच्या रक्तात मोजण्याची व्यवस्था कापूस पट्ट्यातील प्रत्येक रुग्णालयात असणे किती निकडीचे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. ज्ञान जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत होते, परंतु ते व्यवस्थेपर्यंत पोहोचविणारी वाट बांधली गेली नव्हती.

निष्कर्ष

१. बीड जिल्ह्यातील सिंचन, संकरित कापूस व कीटकनाशके यांचा विस्तार १९७० नंतरच्या एकाच कालखंडात झाला. त्याच काळात मराठवाड्यातील महाविद्यालयांत मत्स्य-विषशास्त्राची परंपरा रुजली. या दोन घटनांची सांगड मात्र पूर्णपणे घातली गेली नाही.

२. एलसी-५० ची पद्धत औषधांच्या तीव्रतेची तुलना करण्यास उपयुक्त ठरली. नदीतील जिवंत परंतु बाधित माशाची स्थिती सांगण्यास जैविक निर्देशकच आवश्यक आहेत.

३. कोलिनेस्टरेज हा ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट औषधांचा विश्वसनीय निर्देशक आहे. फवारणीतील औषधे बदलल्यामुळे त्यास कल्ल्यांची रचना, सूक्ष्मकेंद्रके व पेशींवरील ताणाची विकरे यांची जोड देणे अपरिहार्य आहे.

४. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ व २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अध्यापनातील विच्छेदनावर निर्बंध आणले. टाकीत मासे मारून एलसी-५० काढण्याची पुनरावृत्ती यापुढे नैतिक व शैक्षणिक अशा दोन्ही दृष्टींनी समर्थनीय ठरत नाही. मच्छीमारांनी बाजारासाठी पकडलेल्या माशांची डोकी बर्फात ठेवून मेंदूतील विकर मोजणे आणि रक्ताच्या थेंबावरून सूक्ष्मकेंद्रके पाहणे हा पर्याय उपलब्ध आहे. यासाठी एकही जादा मासा मारावा लागत नाही.

५. गेवराईजवळील गोदावरी, माजलगाव जलाशय, बीड शहराखालील बिंदुसरा आणि पाटोद्याकडील मांजरेचा उगमभाग अशी चार ठिकाणे निवडून जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मे, ऑगस्ट, ऑक्टोबर व जानेवारी अशा चार वेळा दरवर्षी नोंदी घेतल्यास पाच वर्षांत विश्वसनीय आधाररेषा तयार होऊ शकते. भोई समाजाच्या सहकारी संस्था यात नमुने पुरविणाऱ्या व निष्कर्षांच्या पहिल्या हक्कदार अशा दोन्ही नात्यांनी सहभागी असल्या पाहिजेत.

औषधांवर बंदी येते तेव्हा बहुधा हानी होऊन गेलेली असते. हा क्रम उलटा करावयाचा असेल, तर पुरावा आधी गोळा करावा लागेल. तो गोळा करण्याची पद्धत सहा दशकांहून अधिक काळ ज्ञात आहे, उपकरणे जिल्ह्यातील प्रयोगशाळांत आहेत आणि मासे दररोज सकाळी माजलगावच्या काठावर येतात. या तिन्हींना जोडणारी नोंदवही उघडणे, हे महाविद्यालयीन संशोधनापुढील आजचे कार्य होय.